बोधचिन्हाचा रंग आणि कोल्हापूरचा भगवा

१६ एप्रिल २०२४ रोजी डीडी न्यूजचे लाल बोधचिन्ह भगवे झाले. लोकसभेच्या पहिल्या टप्प्याचे मतदान तीन दिवसांवर आले होते. प्रसार भारतीचे माजी सीईओ जवाहर सरकार यांनी हे भगवेकरण असल्याची टीका केली. तेव्हा सीईओ असलेले गौरव द्विवेदी यांनी रंग नारिंगी असल्याचे सांगितले. आक्षेप घेणाऱ्यांना भगव्याचेच वावडे आहे, असाही सूर निघाला.

मी कोल्हापूरचा मुसलमान. आम्हाला भगवा परका नाही. ज्या संस्थानाचे निशाण भगवे होते, तिथेच १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. त्या निशाणाखाली आमची मुले शिकली. उस्ताद अल्लादिया खाँ दरबारात गायले.

तेव्हा भांडण रंगाशी नाही. ही वाहिनी जनतेच्या पैशावर चालते. एका पक्षाची ओळख झालेला रंग तिने ऐन निवडणुकीत घेतला, तर बाकीच्या मतदारांनी तिच्या बातमीवर भरवसा कसा ठेवायचा? शाहूंच्या भगव्याखाली सगळ्यांना जागा होती. या भगव्याखाली ती आहे की नाही, हे बोधचिन्हावरून नव्हे, रोजच्या बातमीपत्रावरून कळेल.