पुरलेलें सोनें आणि न परतलेला धनी

गुप्तधनाच्या हंड्यावर वेटोळें घालून बसलेला नाग लहानपणीं गोष्टींतून भेटला नाहीं, असा वाचक महाराष्ट्रांत विरळाच. त्या धनाचा ठाव लागावा म्हणून पूर्वीं पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालीत. अलीकडे पायाळूची जागा धातुशोधक यंत्रानें घेतली आहे. इंग्लंडांत तर हजारों गृहस्थ सुटीच्या दिवशीं हें यंत्र घेऊन शेतें धुंडाळीत हिंडतात. त्यांपैकीं एखाद्यास सोन्याचें नाणें सांपडण्याचा संभव किती, हा प्रश्न वरवर यंत्रशास्त्राचा दिसतो. आमच्या मतें तो मुख्यतः इतिहासाचा आहे.

यंत्राचें काम थोडक्यांत सांगतां येईल. काठीच्या टोकाशीं तारेचें कडें असतें. त्यांतून खेळणाऱ्या विजेमुळें भोंवतालीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. खालीं धातु असल्यास त्यांत सूक्ष्म प्रवाह उठतात, त्यांची चाहूल यंत्रास लागते आणि शोधकाच्या कानीं सूर येतो. परंतु एकटें नाणें वीतभर खोलीच्या फार खालीं गेलें, कीं तो सूर सहसा उमटत नाहीं. शिवाय यंत्रास धातु कळतो, त्याचें मोल कळत नाहीं. सोन्याचें लहानसें नाणें आणि पेयाच्या डब्याची तुटकी कडी यांचे सूर पुष्कळदां सारखेच वाटतात. इंग्लंड व वेल्स येथें २०२३ सालीं ७४,५०६ सांपडलेल्या वस्तूंची नोंद झाली, व त्यांतील बहुतेक या यंत्रानेंच सांपडल्या होत्या. कायद्यानें ज्यांस खजिना म्हणावें अशीं प्रकरणें मात्र त्या वर्षीं १,३५८ होतीं. आणि त्यांतहि सारें सोनेंच होतें असें नव्हे.

सोनें इतकें दुर्मिळ कां, याचें कारण माणसाच्या स्वभावांत आहे. तांब्याचा पैसा बाजाराच्या वाटेवर पडला, तर धनी क्षणभर इकडेतिकडे पाहून पुढें जातो. सोन्याचें नाणें पडलें, तर तो दिवा लावून सारी रात्र माती चाळील. म्हणून एकटें पडून राहिलेलें सोनें क्वचितच मिळतें. जें मिळतें, तें बहुधा जाणूनबुजून पुरलेलें असतें. पण पुरणारा मनुष्य परत येऊन काढून नेण्यासाठींच पुरतो. ज्यांचे दिवस पालटले, त्यांनीं आपलें धन काढून नेलेंहि. आपल्यासाठीं उरलें तें, ज्यांना परतणें साधलें नाहीं त्यांचें. शोधकाच्या भाग्याचा आरंभ असा कोणा दुसऱ्याच्या अनर्थांत असतो.

इंग्लंडच्या सफोक परगण्यांतील हॉक्सन या खेड्याचें उदाहरण घ्या. तेथील एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला होता. तो शोधण्यासाठीं त्याचा एक स्नेही, एक निवृत्त माळी, १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं यंत्र घेऊन शेतांत गेला. लागलीं तीं रोमन नाणीं आणि चांदीचे चमचे! त्या गृहस्थानें लवकरच खणणें थांबवून वर्दी दिली, आणि दुसऱ्या दिवशीं पुरातत्त्वज्ञांनीं ती जागा पद्धतशीर उकरली. जवळजवळ १५,००० नाणीं निघालीं. त्यांत सोन्याचीं ५६९, म्हणजे शंभरांत चारहि नव्हेत. बाकीचीं बहुतेक चांदीचीं. शेवटचीं नाणीं इ. स. ४०७-८ चीं आहेत. त्यानंतर दोनतीन वर्षांतच ब्रिटनमधील रोमन सत्ता संपली. सारें जागच्या जागीं मिळाल्यामुळें लाकडी पेटीचा आकार आणि तिच्यांत वस्तु कशा रचल्या होत्या, हेंहि कळलें. साडेसतरा लाख पौंडांचें बक्षीस मिळालें. शोधकानें तें शेतकऱ्याशीं वाटून घेतलें. पुढें हातोडाहि सांपडला, आणि तोहि आज त्या निधीबरोबर ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहीं आहे.

ही हकीकत वाचतांना आम्हांस भरतपूर संस्थानांतील बयान्याजवळच्या निधीची आठवण होते. तेथें यंत्र नव्हतें. फेब्रुवारी १९४६ मध्यें शिकार आटोपल्यावर रिकामीं काडतुसें वेचणाऱ्या मुलांना शेताच्या बांधांत तांब्याचें भांडें दिसलें. तें गुप्तकालीन सुवर्णमुद्रांनीं भरलेलें होतें. कांहीं नाणीं गांवांतच नाहींशीं झालीं. सरकारच्या हातीं १,८२१ आलीं. एकट्या दुसऱ्या चंद्रगुप्ताचीं त्यांत ९८३ आहेत. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर या महाराष्ट्रीय पंडितानें त्यांची सूची सिद्ध करून १९५४ सालीं प्रसिद्ध केली. त्या राशींत ‘चक्रविक्रम’ प्रकारचें नाणें अवघें एकच निघालें. तें एक नाणें जर सोनाराच्या मुशींत गेलें असतें, तर त्या प्रकाराची वार्ताहि आपणांस लागती ना. मग जीं नाहींशीं झालीं, त्यांत असें काय काय होतें, हें कोण सांगणार?

इतिहासाच्या तागडींत धातूचें वजन चालत नाहीं, हें नाशिककडील जोगळटेंभीनें दाखविलें आहे. तेथें १९०६ सालीं क्षत्रप नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक नाणीं मिळालीं, तीं चांदीचीं. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां ठोकलेला आहे. जिंकलेल्या राजाचें चलन जेत्यानें कसें आपलेंसें केलें, याची एवढी उघड साक्ष कोणत्या सुवर्णराशीनें दिली असती?

आमच्या देशांत १८७८ चा निधिविषयक कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तु सांपडल्यास कलेक्टरास कळविलें पाहिजे, असें तो सांगतो. सरकारनें निधि ठेवून घेतल्यास मात्र तो देवविता धातूची किंमत व तिचा पांचवा हिस्सा. इंग्लंडांत बाजारभाव पाहून मोबदला ठरवितात. म्हणून तेथें प्रामाणिकपणा परवडतो. आमच्याकडे पुरातन नाण्याचें मोल सोन्याच्या तुकड्याएवढेंच धरल्यावर गरीब कुळानें तें गुपचूप सोनाराकडे नेलें, तर सारा दोष त्याच्याच माथीं मारणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. हा हिशेब बदलला पाहिजे.

तोंपर्यंत सुशिक्षितांनीं तरी आपलें कर्तव्य ओळखावें. संरक्षित किल्ल्यांवर व लेण्यांभोवतीं परवानगीवांचून खणणें हा गुन्हाच आहे. तेथें यंत्र घेऊन जाण्याचा मोह धरूं नये. पण घराचा पाया खणतांना किंवा विहिरीचा गाळ उपसतांना एखादें भांडें लागलें, तर हात आवरावा, माती हलवूं नये, वर्दी द्यावी. ज्यानें तें पुरलें, तो कोणत्या तरी रात्रीं घाईनें निघून गेला आणि परतला नाहीं. त्याची हकीकत आतां त्या मातींत आणि त्या नाण्यांच्या रचनेंतच काय ती उरली आहे.