नाव कोरणाऱ्याचे नाव

दिवाळी जवळ आली की माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात. चिंच लावून घासली की काठावरची जुनी नावे उजळून निघतात. कुठे आजीचे नाव, कुठे कोणाच्या मुंजीची तारीख. ज्याने ही नावे घातली, त्याचे नाव मात्र कोणत्याच भांड्यावर सापडत नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले खामगाव चांदीच्या कामासाठी नावाजलेले. तिथल्या ताटवाटीचीही रीत हीच.

सतराव्या शतकात युरोपात मिशेल ल ब्लाँ (१५८७–१६५६) नावाचा एक कारागीर होऊन गेला. जन्म फ्रांकफुर्टचा, वास्तव्य अॅमस्टरडॅमला. सुरीच्या मुठींवर शोभणारी वेलबुट्टी तो तांब्याच्या पत्र्यावर कोरी, रेघांत शाई भरी आणि कागदावर छापी. ते कागद पुढे ठेवून इतर सोनार काम करीत. या छापांवर त्याने आपले नाव घातले. म्हणून तो आज थोडाफार तरी ठाऊक आहे.

हीच विद्या पेशवाईच्या अखेरीस पुण्यात आली. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने एक तांबट हे कोरीवकाम शिकला. गीता छापावी, असे नाना फडणिसांच्या मनात होते. पण १८०० साली नाना वारले. तांबट मिरजेस गेला, गंगाधरराव पटवर्धनांनी त्याला हात दिला आणि १८०५ साली ताम्रपटांवरून गीता छापली गेली.

वाचकहो, या कामाचे कष्ट जाणायचे तर एखादी ओळ आरशात पाहून उतरवून पाहा. छाप सुलटा उमटायचा तर पत्र्यावर प्रत्येक अक्षर उलटे कोरावे लागते. सातशे श्लोक, तेही असे! खिळा चुकला तर बदलता येतो. तांब्यातली चुकलेली रेघ पाठीमागून ठोकून, घासून पुन्हा कोरावी लागते.

नानांचे नाव राहिले, पटवर्धनांचे राहिले. कोरणारा ‘एक तांबट’ एवढाच उरला. फळाची आशा न धरता कर्म करावे, हे त्याने अक्षर अक्षर कोरले आणि आचरले, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याचे नाव जपणे हे काम आपले होते, आणि ते आपण केले नाही.

यंदा भांडी घासताना घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे विचारा: हे नाव कोणी घातले? उत्तर मिळाले, तर तेवढे वहीत लिहून ठेवा.