चिऱ्याची भिंत आणि चुन्याचे कवच : बॉम जेझुसची वास्तू



जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेची तांबूस, उघड्या चिऱ्यांची दर्शनी भिंत आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तथापि हे रूप तिच्या निर्मात्यांनी तिला दिलेले नाही. ते विसाव्या शतकातील आहे. या वास्तूच्या आयुष्याचा प्रश्न त्या एका गोष्टीशी निगडित असल्याने तिचा येथे थोडा विचार करू.

जेझुइट संघाच्या या चर्चची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली आणि १५ मे १६०५ रोजी त्याचा विधिपूर्वक अभिषेक झाला. दर्शनी भागाची रचना मोठी प्रमाणबद्ध आहे. खाली तीन दरवाजे, त्यांवर तीन आयताकृती खिडक्या, त्यांच्यावर तीन वर्तुळाकार गवाक्षे आणि शिरोभागी येशूच्या नामाची अक्षरमुद्रा. आत सुवर्णलेपित मुख्य वेदीवर संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचे संगमरवरी शिल्प फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीचे असून ते १६९८ मध्ये येथे उभारले गेले. त्यावरील रौप्यपेटिका मात्र गोव्याच्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडविली. युरोपीय कल्पना आणि येथील हात यांचा असा संगम या वास्तूत ठायी ठायी आढळतो.

बांधकामाच्या साहित्याची योजनाही तितकीच विचारपूर्वक होती. भिंतींसाठी या भूमीतला जांभा चिरा वापरला, तर दर्शनी भागावरील स्तंभ व कोरीव काम यांसाठी उत्तरेकडील वसईहून काळा पाषाण आणविला. चिरा कापण्यास सोपा, परंतु सच्छिद्र. तो पाणी शोषतो. त्यात नाजूक कोरीव काम टिकत नाही. म्हणून कोरीव कामाला कठीण पाषाण आणि चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा, अशी विभागणी झाली. शुभ्र भिंतीवर उठून दिसणारी काळी नक्षी हे त्या योजनेचे मूळ सौंदर्य होते. जवळच्या से कॅथेड्रलची शुभ्र भिंत पाहिली म्हणजे त्याची कल्पना येते.

१९५२ मध्ये संत झेवियर यांच्या निधनास ४०० वर्षे पूर्ण झाली. त्या सुमारास पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या पुढाकाराने बाहेरचा गिलावा काढण्यात आला. उघडा दगड अधिक प्राचीन भासतो, ही त्यामागील दृष्टी. पुरातनत्वाच्या आभासासाठी पुरातन योजनाच मोडली गेली! तेव्हापासून गोव्याचा मुसळधार पाऊस चिऱ्यावर थेट कोसळतो आहे, आणि दगड झिजतो आहे.

२०२० मध्ये गिलावा पुन्हा चढविण्याची मागणी जाहीरपणे पुढे आली. त्यावर आक्षेप असा, की लोकांच्या मनात तांबडी बासिलिकाच ठसली आहे. या भावनेचा अनादर करण्याचे कारण नाही. दोन-तीन पिढ्यांची स्मृती हाही इतिहासच होय. परंतु स्मृती छायाचित्रांत जपता येते; झिजलेला चिरा परत आणता येत नाही. शिवाय साडेतीन शतके जी वास्तू चुन्याच्या कवचाखाली उभी राहिली, तिचे खरे रूप कोणते, हेही आपण ठरविले पाहिजे.

गोव्यातील कोणत्याही जुन्या घराचा धनी पावसाळ्यापूर्वी भिंतीचा गिलावा पाहून घेतो. चिऱ्याचा स्वभाव त्याला ठाऊक असतो. या जागतिक वारशाच्या वास्तूलाही तोच साधा न्याय लागू करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.