पत्त्यांवर जगलेली भाषा

१८८९ साली वॉर्सात एक यादी छापली गेली. तिच्यात हजार माणसे होती. प्रत्येकाचा क्रमांक, नाव आणि टपालाचा पत्ता. एस्पेरान्तो ही सगळ्या देशांसाठी मुद्दाम घडवलेली भाषा शिकलेले हे पहिले हजार लोक. यादी काढणारे होते लुडविक झामेनहॉफ, डोळ्यांचे डॉक्टर. त्याआधी दोन वर्षे, १८८७ मध्ये, त्यांनी ‘डॉक्टर एस्पेरान्तो’ या टोपणनावाने आपल्या नव्या भाषेचे पहिले पुस्तक रशियनमधून काढले होते. छपाईला सासऱ्यांचा पैसा कामी आला. पुस्तकाला कूपने जोडलेली होती. ‘एक कोटी लोकांनी असेच वचन दिले तर मीही ही भाषा शिकेन’ अशा मजकुराखाली सही करायची आणि कूपन डॉक्टरांना धाडायचे. कोटीच्या जवळपासही सह्या आल्या नाहीत. मग झामेनहॉफांनी वचनांचा नाद सोडला आणि जे शिकले त्यांचे पत्ते छापून टाकले. हे त्यांनी सगळ्यात शहाणपणाचे काम केले, असे माझे मत आहे.

मी मिरजेच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपालसेवेत, सॉर्टर होतो. रात्रीच्या गाडीच्या टपाल डब्यात उभ्याने पत्रे खणांत टाकण्यात नोकरी सरली. त्यामुळे असेल, पण एस्पेरान्तोचा इतिहास कोणी विश्वशांतीचे भाषण करून सांगू लागला की माझे लक्ष त्यातल्या पत्त्यांकडे जाते. मराठी बोलायला मला दारापर्यंत गेले तरी पुरे. त्या हजारांपैकी कित्येकांच्या गावात मात्र आपली नवी भाषा जाणणारे दुसरे माणूस नव्हते. ते टपालानेच आणावे लागे.

पहिली यादी बहुतांशी रशियन साम्राज्यातल्या लोकांची होती, आणि त्याचा फटका लवकरच बसला. न्युरेम्बर्गहून ‘ला एस्पेरान्तिस्तो’ नावाचे मासिक निघत असे. १८९५ मध्ये त्यात टॉलस्टॉयचा एक लेख आला आणि रशियन सरकारने मासिकाला देशात मज्जाव केला. वर्गणीदार बहुतेक तिकडचेच, त्यामुळे मासिक बंद पडले. त्याच वर्षाच्या शेवटी स्वीडनमधल्या उप्सालाहून दुसरे सुरू झाले, कारण वाचकांचे पत्ते हाताशी होते. पुढे काळही अनुकूल आला. चित्रांच्या पोस्टकार्डांची लाट आली. १९०६ च्या रोम येथील टपाल परिषदेत आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन ठरले. ते पाकिटात घातले की समोरच्याला उत्तरासाठी पदरचे तिकीट लावावे लागत नसे. परदेशी पत्रमित्राला पहिले पत्र टाकणाऱ्या गरीब माणसासाठी ही केवढी सोय होती, हे टपालात काम केलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

१९०५ साली फ्रान्समध्ये बुलोन्य-सुर-मेर इथे पहिले विश्वसंमेलन भरले. ६८८ माणसे आली. यातल्या कित्येकांनी ही भाषा नुसती वाचलेली आणि लिहिलेली होती, कानावर फारशी पडलेलीच नव्हती. आपला उच्चार दुसऱ्याला कळेल का, ही धाकधूक घेऊन लोक उतरले, आणि बोलणे कळले. मोलियरचे नाटकही एस्पेरान्तोत झाले. पण मला त्याहून १९०८ साल महत्त्वाचे वाटते. एक्तोर होडलर या जेमतेम विशीतल्या स्विस तरुणाने विश्व एस्पेरान्तो संघ उभा केला आणि गावोगाव प्रतिनिधी नेमण्याची रीत घातली. प्रतिनिधीचे काम साधे होते. बाहेरगावचा एस्पेरान्तोभाषी आला तर त्याला उतरायची जागा सांगायची, गाडीची वेळ सांगायची, व्यापाराची चौकशी असेल तर उत्तर द्यायचे. या प्रतिनिधींचे पत्ते दरवर्षी वार्षिकात छापले जात.

पहिल्या महायुद्धात ही घडी उपयोगी पडली. शत्रुदेशांमधले टपाल तुटले होते. जर्मनीत अडकलेल्या नातेवाइकाला फ्रान्समधून पत्र जाईना. स्वित्झर्लंड तटस्थ, म्हणून लोक संघाच्या जिनिव्हातल्या कचेरीत पत्र पाठवत आणि तिथून ते पुढे जाई. होडलर १९२० मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला आणि जाताना संघासाठी पैसा ठेवून गेला. ज्या तरुणाने इतक्या घरांची ख्यालीखुशाली पोचती केली त्याचे नाव टपालखात्याच्या इतिहासातही असायला हवे.

या पत्त्यांच्या बळावर कोण कुठवर गेले हे सांगायचे तर मी वासिली येरोशेंकोचे नाव घेईन. १८९० साली दक्षिण रशियातल्या एका खेड्यात जन्म, चौथ्या वर्षी गोवराने दृष्टी गेली. मॉस्कोत अंधशाळेत शिकला, एका हॉटेलच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. तिथे अ‍ॅना शारापोवा या बाईंनी त्याला एस्पेरान्तो शिकवले. १९१२ मध्ये तो एकटा लंडनला निघाला. सोबतीला माणूस नव्हते. कोटावर एस्पेरान्तोवाल्यांचा हिरवा तारा होता आणि शारापोवाबाईंची पत्रे त्याच्या आधी पुढच्या शहरांत पोचलेली होती. वाटेत एस्पेरान्तोवाले त्याला उतरवून घेत आणि पुढच्या गाडीत बसवून देत. नवे माणूस, नवे शहर, पण बोलणे त्याच भाषेत.

दोन वर्षांनी तो जपानला गेला, कारण तिथे अंध लोक मालिशचा धंदा मानाने करतात हे त्याने ऐकले होते. तोक्योत तो ती विद्या शिकला, जपानी शिकला आणि त्या भाषेत मुलांसाठी कथाही लिहिल्या. मग सयाम, मग ब्रह्मदेशातल्या मौलमीनची अंधशाळा, मग कलकत्ता. रशियात क्रांती झालेली, आणि हा रशियन. इंग्रज सरकारने त्याला नजरेखाली ठेवले आणि शेवटी हिंदुस्थानातून बाहेर काढले. १९२१ मध्ये जपाननेही घालवले. १९२२ मध्ये तो पेकिंग विद्यापीठात एस्पेरान्तो शिकवायला गेला आणि चिनी लेखक लू शुन यांच्या घरी राहिला. लू शुन यांनी त्याच्या कथा चिनीत आणल्या आणि त्याच्यावर एक कथाही लिहिली. ब्रेलमधल्या पत्रव्यवहाराने किती अंध माणसांना असे जग मोकळे झाले असेल! एस्पेरान्तोचे ब्रेल मासिक १९०४ पासूनचे आहे. आमच्याकडे अंधांच्या वाचनसाहित्याची जाड पाकिटे यायची, त्यांना तिकीट लागत नसे. ती खणात मावत नसत, म्हणून बाजूला वेगळी रचून ठेवायचो.

ज्या पत्त्यांनी माणसे जोडली त्याच पत्त्यांनी त्यांना पकडूनही दिले. हिटलरच्या जर्मनीत १९३६ मध्ये एस्पेरान्तोच्या संघटना मोडीत काढल्या गेल्या. स्टालिनच्या रशियात १९३७-३८ मध्ये परदेशातून आलेली पत्रे हाच हेरगिरीचा पुरावा ठरला. ज्यांनी परक्या कामगाराला दोन ओळी लिहिल्या होत्या ते छावण्यांत गेले, कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या. झामेनहॉफांची तिन्ही मुले नाझींनी मारली. मुलगा अ‍ॅडम १९४० मध्ये, मुली सोफिया आणि लिदिया १९४२ मध्ये त्रेब्लिंका छावणीत. हे वाचताना माझे हात अजून थरथरतात. पत्र हे नागरिकाचे खासगी धन आहे, त्याला धक्का लागू द्यायचा नाही, ही शिकवण आम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवशी दिली होती.

मी स्वतः ही भाषा शिकलो ते निवृत्तीच्या थोडे आधी. तेव्हापासून हंगेरीतल्या एका निवृत्त रेल्वे कामगाराशी माझा पत्रव्यवहार आहे. त्यांना इंग्रजी येत नाही, मला हंगेरियन. आम्ही लिहितो ते गुडघेदुखीवर, नातवांच्या परीक्षांवर, पावसावर. एका उन्हाळ्यात त्यांनी बरणीत काकड्या, शेपू आणि वर पावाचा तुकडा घालून ती उन्हात आंबवायची रीत लिहिली. मी कैरीच्या लोणच्याचे कळवले. शब्द आठवेना तेव्हा ‘मिठात मुरवलेली वस्तू’ असा शब्द तिथल्या तिथे जुळवला. या भाषेत मूळ शब्दाला प्रत्यय लावून असे करता येते, आणि समोरच्याला ते समजते. दोघांनाही ती शिकावी लागली आहे. मायबोलीचा वरचष्मा कोणाचाच नाही, म्हणून आमच्या पत्रांत संकोच नसतो.

संमेलनांतून या बरोबरीची राखण मोठ्या कटाक्षाने होते. दोन फ्रेंच माणसे एकमेकांशी फ्रेंचमध्ये बोलू लागली की शेजारचा म्हणतो, मगर होऊ नका. ‘क्रोकोदीली’, म्हणजे मगरीसारखे वागणे, हे क्रियापदच आहे. चारचौघांत एक जण जरी ती बोली न जाणणारा असेल तरी हा दोष लागतो. अशा भेटींतून लग्ने होतात. नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची, घरात तिसरी भाषा, आणि मुले ती आईबापांच्या तोंडून शिकतात.

आपल्या देशात ही भाषा फार पसरली नाही. शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिन्हा तिच्यासाठी युरोपभर व्याख्याने देत फिरले आणि भाषाशास्त्रज्ञ प्रबाल दासगुप्ता २००७ ते २०१३ विश्व संघाचे अध्यक्ष होते, हे मात्र मी आवर्जून सांगतो.

होडलरच्या कल्पनेचा पुढचा अवतार म्हणजे ‘पास्पोर्ता सेर्वो’. १९६६ मध्ये अर्जेंटिनातल्या रुबेन फेल्डमन गोन्झालेस यांनी ती योजना मांडली. १९७४ मध्ये तरुणांच्या संघटनेने पहिली पुस्तिका काढली. पुढे हजारावर घरे तिच्यात आली. आता ती इंटरनेटवर आहे. एस्पेरान्तो बोलणाऱ्याला फुकट उतरू देणाऱ्या घरांची ही यादी. प्रत्येक घरमालक आपल्या अटी लिहितो: किती रात्री, किती माणसे, आधी कळवायचे का, सिगारेट चालेल का. पैसे घ्यायचे नाहीत आणि बोलायचे एस्पेरान्तोतच.

मीही घराची नोंद केली आहे. दोन माणसे, तीन रात्री, जेवण शाकाहारी, दुसरा मजला, जिना अरुंद, मोठी बॅग आणू नये. एकदा लिथुआनियाची एक मुलगी आली. आमच्या सौ.ला एस्पेरान्तो येत नाही, त्यामुळे पुरणपोळीची कृती माझ्याकरवी तिच्या वहीत गेली. कणकेला तेलाचा हात किती वेळा लावायचा, हे ती पुनःपुन्हा विचारत होती. नंतर कळवले की तिकडे हरभऱ्याची डाळ मिळेना, म्हणून तिने पिवळ्या वाटाण्याची करून पाहिली. सौ.ने लगेच उत्तर लिहायला लावले: वाटाणा चालेल, पण शिजवून नीट निथळून घे.