भूत उतरवण्याचा परवाना
* दिघोरीत पोचल्या रात्रीच फादर झपाटलेल्या मुलीवर विधी करतो, ही कादंबरीची सोय आहे. कॅथलिक चर्चच्या नियमसंहितेतील कलम ११७२ प्रमाणे बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून हा विधी करता येत नाही; आधी मानसिक आजार तर नाही ना, हे पाहावे लागते. पुढच्या प्रकरणातला मांत्रिक मुलीला साखळीने बांधून मिरचीची धुरी देतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, पण वटहुकूम निघाला तो त्यांच्या खुनानंतर. भंडाऱ्याच्या वाचकांनी घरात कुणी झपाटल्यासारखे वागू लागताच नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय गाठावे. — संपादक