जानेवारीतला ढोल

पनवेल तालुक्यातल्या एका शाळेत मी संगीत शिकवायचो. वेळापत्रकात तास गायनाचा, पण खरं काम बँडचं. एक मोठा ढोल, चार साइड ड्रम, झांजांची जोडी, सहा बासऱ्या नि तीन बिगुल, एवढाच आमचा संसार. बिगुलाला ना कळ ना भोक. ओठ आवळून-सैलावून निघतील तेवढेच सूर: प, सा, ग, प आणि वरचा सा. रे आणि म त्यातून निघतच नाहीत. म्हणून चाल बासऱ्यांनी धरायची, बिगुलाने सलामी द्यायची.

पंधरा ऑगस्टच्या तालमी म्हणजे हाल. पावसात चामडं ओलं होऊन ढोल भद्द बोलायचा. शेगडीच्या धगीपुढे धरून तापवावा लागे. जानेवारीत मात्र तोच ढोल कसा खणखणीत!

आगरी-कोळ्यांची पोरं तालाला पक्की. हळदीच्या मांडवात ब्रास बँड ऐकतच वाढलेली. त्यांना वाजवायला नाही, थांबायला शिकवावं लागे. वरातीत नाचणारे रंगले की बाजाची लय वाढते. संचलनात मिनिटाला १२० पावलं, म्हणजे १२०च. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, आमची पोरं घाईने ४८ मध्येच उरकायची. वर म्हणायची, "गुरजी, हलदीला असा वाजवला त कोन नाचल?"

यांच्या घरी भातखाचरं, कुणाची मिठागरं. १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबईसाठी पनवेल, उरण नि ठाण्याकडच्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात सापडल्या. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे गावंच्या गावं उभी राहिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-उरण भागात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले.

शाळेत तेव्हा सव्वीस जानेवारीची तालीम चाललेली. दुसऱ्या दिवशी मैदानावर निम्मीच पोरं. ढोलवाल्याचे मामा आंदोलनात होते. तो ढोल गळ्यात अडकवून उभा, हातात टिपरू, पण मारीना.

"गुरजी, आमचे गावान सुतक हाय. कसा वाजवू?"

आमच्यातले एक शिक्षक म्हणाले, संचलन सरकारी आहे, व्हायलाच हवं. मला दोघांचंही पटत होतं. शेवटी मी पोरांनाच विचारलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग झांज वाजवणारी मुलगी म्हणाली, "झेंडा आपलाच ना, गुरजी? मंग राष्ट्रगीत वाजवू. बाकी काय नको."

तसंच ठरलं. प्रभातफेरीला ना बासरी, ना बिगुल. एकच साइड ड्रम, तोही कडेवर टकटक, पावलांपुरता. रस्त्याच्या दुतर्फा माणसं गप्प उभी होती. ढोल रांगेतून मुकाच चालला. झेंड्याखाली मात्र त्या पोराने टिपरू उचललं. घड्याळ माझ्या हातात होतं: बरोबर ५२ सेकंद.

संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचं धोरण पुढे याच लढ्यातून आलं. हुतात्म्यांची आठवण दरवर्षी होते. शाळांच्या मैदानांवर त्या आठवड्यात काय झालं, ते कुठे लिहिलेलं नाही, म्हणून हे लिहिलं. जूनमध्ये नवी पोरं आली, हळदीसारखी भरधाव वाजवू लागली, आणि मी पुन्हा "थांबा रे" म्हणू लागलो.