नाव एकीकडे, जागा दुसरीकडे

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला आणि आमच्या जिल्ह्यातले सास्तूर, शेजारच्या लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि आसपासची कितीतरी गावे जमीनदोस्त झाली. पुढे पुनर्वसनात ही गावे जुने गावठाण सोडून नव्या जागेवर वसली. जागा बदलली, पण सास्तूर सास्तूरच राहिले. जुन्या नावाने विचारत आलेला पाहुणा नव्या गावात पोहोचतो.

तीस वर्षांनी जिल्ह्याच्या गावी याच्या उलट घडले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव 2023 साली सरकारी कागदावरून गेले आणि त्याआधीचे धाराशिव परत आले. त्यावर बोलण्यासारखे बरेच आहे, पण आजचा विषय तो नाही. शहर जागचे हलले नाही. हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा तिथेच आहे. पिनकोड 413501 आणि गाड्यांवरचा एमएच-25 हेही तेच आहेत.

म्हणजे नाव ही एक नोंद आणि जागा ही दुसरी. एक बदलली तरी दुसरी टिकू शकते. ही साधी गोष्ट मला कळली ती माझी वेबसाइट हातची गेल्यावर.

काही वर्षांपूर्वी मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घ्यायला सुरुवात केली होती. पोलीस ॲक्शनच्या आधीचे दिवस, उर्दू शाळा, उरुसातल्या कव्वाल्या, सोलापूरच्या गिरणीत गेलेले भाऊ. सांगणाऱ्यांपैकी बरेच जण आता मरहूम आहेत. हे सगळे मी एका वेबसाइटवर ठेवले. ती बनवून देणारा म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त लिहा. नाव, जागा, सगळे आमच्याकडे. वर्षाला एकच बिल." मला ते सोयीचे वाटले.

एके दिवशी साइट बंद पडली. त्याचा फोन लागेना. दुकानाला कुलूप. मजकुराची प्रत माझ्या पेनड्राइव्हवर होती, म्हणून दोन रात्री जागून मी तो दुसरीकडे चढवला. पण जुने नाव या नव्या जागेकडे वळवता येईना. नाव त्याने स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवले होते. नोंदीच्या लेखी मी कोणीच नव्हतो. मुदत संपल्यावरही काही दिवस जादा पैसे भरून नाव सोडवता येते, पण ज्याचे खाते त्यालाच. ते दिवसही गेले आणि नाव कोणीतरी तिसऱ्यानेच घेतले.

काही महिन्यांनी एका मरहूम बुजुर्गांच्या नातवाचा पुण्याहून फोन आला. मुलांना पणजोबांच्या आठवणी दाखवाव्यात म्हणून त्याने आमच्या पुस्तिकेवर छापलेला पत्ता उघडला होता. समोर सट्ट्याची जाहिरात आली. "चाचा, हे काय लावलंय?" त्याने विचारले. मला लाज वाटली.

त्यानंतर मी या व्यवस्थेचा इतिहास वाचून काढला. सुरुवातीच्या इंटरनेटवर सगळ्या संगणकांची नावे आणि त्यांचे आकडी पत्ते एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातली एक संस्था ती यादी सांभाळी आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ती यादी आवरेना. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची व्यवस्था आखली. तिच्यात नाव नोंदवहीत राहते आणि त्यापुढे पत्ता लिहिलेला असतो. संगणक बदलला की पत्ता खोडून नवा लिहायचा. नावाला धक्का लागत नाही. सास्तूरचे झाले तसेच.

पुढे यात पैसा आला. 1995 पासून अमेरिकेत डॉट कॉम नावाला दोन वर्षांचे 100 डॉलर पडू लागले आणि विकणारी कंपनी एकच होती. 1999 मध्ये इतरांनाही परवानगी मिळाली. आपल्याकडे डॉट इन नावे 2005 पासून सर्वांसाठी खुली झाली, 2014 मध्ये देवनागरीत डॉट भारतही आले. नावे स्वस्त झाली तशी जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या "जागा घ्या, नाव फुकट" म्हणू लागल्या. ज्या दोन गोष्टी रचनेतच वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या बाजाराने पुन्हा एका बिलात बांधल्या.

आपल्या लोकांना हे वक्फच्या उदाहरणाने लगेच कळेल. मुतवल्ली मालमत्ता सांभाळतो, मालक नसतो. वक्फनामा नीट नोंदलेला नसेल, तर सांभाळणारा कधी मालक होऊन बसतो ते कळत नाही. जमिनींच्या बाबतीत हे आपण भोगले आहे.

म्हणून मशीद कमिटी, शाळा, वाचनालय, बचत गट, ज्यांची ज्यांची वेबसाइट आहे त्यांना माझे सांगणे आहे. नाव एका कंपनीकडे नोंदवा, जागा दुसरीकडून घ्या. नावाचे खाते संस्थेच्या नावाने असावे. त्या खात्याचा ईमेल त्याच वेबसाइटच्या नावावरचा नसावा, नाहीतर नाव गेले की किल्लीही गेली. साइट बनवणाऱ्याला काम द्या, नावाच्या खात्याचा पासवर्ड देऊ नका. नाव त्याच्याकडे असेलच तर संबंध चांगले आहेत तोवर आपल्या खात्यात मागून घ्या. दोन बिले, दोन तारखा सांभाळाव्या लागतात, हा त्रास खरा. पण जागावाल्याशी बिनसले किंवा त्याने दुकान गुंडाळले, तर आपल्या खात्यात जाऊन नावापुढचा पत्ता बदलायचा. एक-दोन दिवसांत वाचक नव्या जागी पोहोचतो.

आठवणींची साइट आता नव्या नावाने सुरू आहे. ते नाव माझ्या खात्यात आहे आणि पुढच्या मुदतीची तारीख मुलीच्या फोनमध्येही लिहून ठेवली आहे. जुन्या पुस्तिका ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी मागच्या पानावरचा पत्ता कृपया खोडून टाकावा.